पाकिटावरचा इन्स्पेक्टर

सुरुवातीलाच सांगून टाकते, इन्स्पेक्टर बरा आहे. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला टांगून ठेवणं मला जमत नाही, ते काम दिग्दर्शकांचं. माणूस ठणठणीत आहे, परवाच भेटला, वजन सात किलोंनी वाढलंय आणि त्याबद्दल तक्रार करत होता. जे होता होता राहिलं ते कसं राहिलं, एवढंच मला सांगायचंय.

मी जखमा करते. नाटकातल्या, मालिकांतल्या, सिनेमातल्या. भाजलेले हात, सुजलेले डोळे, गोळी लागलेले खांदे, चाकूचे वार. तीस वर्षं हेच करतेय. मेकअप करणारे पुष्कळ असतात, पण माणसाला सुंदर करणारे वेगळे आणि बिघडवणारे वेगळे. मी बिघडवणाऱ्यांतली. स्टुडिओत सगळे मला जखमताई म्हणतात. फोनवर कुणी ‘जखमताई पोचल्या का?’ असं विचारलं की नवीन माणूस दचकतो.

इन्स्पेक्टर हा काही खरा इन्स्पेक्टर नव्हे. मालिकेच्या शेवटच्या भागात येऊन खलनायकाला बेड्या घालणारा एक माणूस असतो ना, तो हा. अकरा मालिकांत त्याने अकरा जणांना पकडलं, आणि त्यानंतर त्याचं खरं नाव कुणी घेईनासं झालं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, उंच, गाल आत गेलेले. आवाज असा की लिफ्टमध्ये खोकला तर वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतील. दिवसाला वीस सिगरेटी. मला तो पहिल्यापासून ताई म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. आमचं तसं बरं जमतं.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याने सिगरेटच्या पाकिटांवरची चित्रं बदलायची ठरवली. आधीच्या चित्रांना लोक सरावले होते. बघून न बघितल्यासारखं करायचे. नवीन चित्रं करायचं काम एका जाहिरात कंपनीला मिळालं. खऱ्या रुग्णांचे फोटो होते, पण ती माणसं किंवा त्यांच्या घरचे ते छापायला तयार नव्हते. कुणाला का हौस असेल? मग ठरलं की नट घ्यायचा आणि त्याच्यावर मेकअप करायचा. मेकअपला मी, आणि नट म्हणून इन्स्पेक्टर. ‘या चेहऱ्याला निम्मं काम आधीच झालेलं आहे,’ असं जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या. इन्स्पेक्टरला ते कौतुकच वाटलं.

मला अभ्यासाला एक जाड वही मिळाली. तिच्यात त्या रुग्णांचे फोटो ओळीने चिकटवलेले, डोळ्यांवर काळी पट्टी, खाली तारखा. एकाच माणसाचं तोंड पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी. दहा दिवस मी ती वही उशाशी घेऊन होते. पहिले तीन दिवस जेवण गेलं नाही. नंतर कामाची नजर आली आणि मी रंग बघायला लागले. सुरुवातीला लाल काही नसतंच. गालाच्या आतून एक पांढरट डाग असतो, दुधावरची साय चिकटून वाळावी तसा. पुसला तर जात नाही. दुखत नाही. वहीत त्या फोटोंखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘दुखत नसल्याने रुग्ण आला नाही.’

मी फोटोग्राफरला म्हटलं, “आपण असा डागही एखाद्या पाकिटावर दाखवू या की.”

तो म्हणाला, “ताई, पाकीट केवढं, फोटो केवढा. पांढरा डाग कुणाला दिसणार? लाल करा. अजून लाल. लांबून बघून पोटात गोळा आला पाहिजे.”

मी केलं लाल. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत पसरलेली, फुटलेली, अशी जखम केली की मलाच माझा अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली. इन्स्पेक्टर मधल्या वेळात त्याच तोंडाने अंगणात सिगरेट ओढायला गेला. ओठ मिटता येत नव्हते म्हणून उजव्या कोपऱ्यातून ओढत होता. झाडलोट करणाऱ्या बाई कोपऱ्यावरून वळल्या, त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि हातातली बादली तिथेच सोडून आत पळाल्या. इन्स्पेक्टर दिवसभर हे सांगून हसत होता.

चार महिन्यांनी पाकिटं आली. फोटोत नाकापासून गळ्यापर्यंतचाच भाग होता, त्यामुळे ओळखणार कोण? त्याची बायको ओळखणार, आणि मी. इन्स्पेक्टरला मात्र कुणी ओळखत नाही याचंच दुःख झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा घरोघरी, खिशाखिशांत पोचला होता, आणि पत्ता कुणाला नाही! मग त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली. दुकानात जाऊन म्हणायचा, “माझ्या फोटोवालं द्या.” दुकानदार गोंधळला की हनुवटी पुढे करून दाखवायचा.

इथवर ठीक होतं. पण आमच्या स्टुडिओत एक लाइटमन आहे, शिडीवर चढून दिवे फिरवणारा. त्याने ते पाकीट पाहून सिगरेट सोडली होती. स्वतः येऊन मला म्हणाला होता, “ताई, खिशात हात घालतो, ते तोंड दिसतं, हात रिकामा बाहेर येतो. चाळीस दिवस झाले.” तीस वर्षांत मी केलेल्या जखमांपैकी एखादीने कुणाचं भलं केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी जाऊन मी ते माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं.

आणि एका दुपारी कँटीनमध्ये हे घडलं. लाइटमन म्हणाला, त्या फोटोतला माणूस आता जिवंत असेल की नसेल कोण जाणे. इन्स्पेक्टर शेजारच्या टेबलावरून उठला. “अरे, हा काय समोर उभाय! मीच तो. मेण आणि रंग आहे सगळं, आपल्या ताईंनी केलंय. हे बघ.” आणि त्याने तोंड वासून दाखवलं. सगळे हसले. लाइटमनही हसला, खूप मोठ्याने हसला, मनावरचं ओझं उतरल्यावर हसतात तसा. मग त्याने इन्स्पेक्टरच्याच पाकिटातली एक घेतली आणि पेटवली.

मी चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आले. आठवडाभर इन्स्पेक्टरशी बोलले नाही. त्याला काही कळेना. “ताई, मी खोटं काय सांगितलं? खरं तेच सांगितलं ना?” खरंच तर होतं. पण त्या खऱ्याने एका माणसाचे चाळीस दिवस पाण्यात गेले होते.

त्याच्या घरी वेगळंच चाललं होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर असतात. शांत बाई. त्यांना रोज सकाळी टेबलावर नवऱ्याचं कुजलेलं तोंड बघवेना. त्यांनी पुस्तकांना कव्हर घालायचा तपकिरी कागद आणला आणि पाकीट घरात आलं की त्या फोटोवर तो डकवायला लागल्या. इन्स्पेक्टर हे मला कौतुकाने सांगायचा. “तुमच्या कलेची किंमत नाही हो आमच्या घरात.”

असं वर्ष गेलं. मग खात्याने ठरवलं की सिनेमागृहात सिनेमा सुरू होण्याआधी दाखवायला अर्ध्या मिनिटाची फिल्म करायची. पाकिटावरचाच माणूस तिथे बोलताना दिसला पाहिजे, म्हणजे लोकांना ओळख पटेल. पुन्हा इन्स्पेक्टर, पुन्हा मी. या वेळी माणूस आपलं तोंड उघडतो आणि कॅमेरा आत जातो असं होतं, म्हणून जखम गालाच्या आतून बसवायची होती. ते कठीण काम. आतली जागा ओली असते, काही चिकटत नाही. दातांना अडकवायची एक छोटी पट्टी मी बनवून घेतली होती आणि तिच्यावर जखम बसवली होती.

सकाळी नऊला मी त्याला खुर्चीत बसवलं, दिवा जवळ ओढला आणि म्हटलं, “आ कर.”

त्याने आ केला. मी डावा गाल बोटाने बाहेर ओढला.

ओठांच्या कोपऱ्यापासून आत, नखाएवढा, पांढरा.

मला आधी वाटलं सकाळी दूध प्यायला असेल. कापूस ओला करून पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला, जरा जोराने. तसाच. माझ्या हाताला ती जागा कळली, जरा खरखरीत, कडा वेड्यावाकड्या. कधीही हात न लावता मला ती पाठ होती.

मी दिवा आणखी जवळ ओढला. इन्स्पेक्टरला फार वेळ न बोलता राहवत नाही. तोंड मिटून म्हणाला, “काय झालं? आधीच रंगवून ठेवलंत की काय?”

“हे कधीपासून आहे?”

“कुठलं? ते होय! चार-पाच महिने असेल. चहा गरम लागला असेल. नाहीतर तुमचाच मागचा रंग राहिला असेल,” म्हणाला आणि हसला.

“मागच्या वेळी मी आत हातसुद्धा लावला नव्हता. दुखतं का?”

“अजिबात नाही.”

मी माझ्या पेटीतून ती जाड वही काढली. कामाच्या वेळी मी ती सोबत ठेवतेच. दुसरं पान उघडून त्याच्यासमोर धरलं आणि हातात आरसा दिला. “आधी हे बघ, मग तुझं बघ.”

त्याने बघितलं. एकदा पान, एकदा आरसा. मग म्हणाला, “हे पण तुम्हीच केलंय?”

“नाही. हा एक माणूस आहे. होता की आहे ते मला माहीत नाही.”

त्याचा चेहरा मी शेकडो वेळा रंगवला आहे. घाबरलेला, मार खाल्लेला, मेलेला. पण तो त्या क्षणी जसा झाला तसा मला कधी करता आला नव्हता. तो खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, बाहेर सगळे थांबलेत. आपण काम करून घेऊ.”

“त्या गालाला मी हात लावणार नाही,” मी म्हटलं. “पट्टी उजवीकडे बसवते.”

दिग्दर्शकाने कुरकुर केली. दिवे डावीकडून लावलेले, सगळी मांडणी फिरवावी लागणार होती. मी कारण सांगितलं नाही. पट्टी तिकडे बसत नाही, एवढंच म्हटलं. लाइटमनने शिडी उचलून पलीकडे नेली आणि तासाभरात चित्रीकरण सुरू झालं. इन्स्पेक्टरने काम चोख केलं. तो नट म्हणून बेताचा असेल, पण कामाला पक्का आहे.

संपल्यावर मी त्याला गाठलं. उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. परवापासून त्याला नाटकाचा दौरा होता, उद्या त्याची तयारी. दौऱ्यानंतर? दौऱ्यानंतर मेहुणीकडचं लग्न. “जातो हो ताई, जाणारच आहे.” आणि बाहेर पायऱ्यांवर उभं राहून त्याने एक पेटवली. पाकीट माझ्यासमोर होतं, त्यावर त्याचं तोंड होतं. मी पाहिलं, त्याने पाकीट फोटो खालच्या बाजूला येईल असं उलटं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ग्रंथालयात गेले. एका माणसाची गोष्ट त्याच्या पाठीमागे त्याच्या बायकोला सांगायची, हे मला पटत नव्हतं. वाटेत दोनदा परत फिरले. पण वहीतली पेन्सिलीची ओळ डोक्यातून जाईना.

वहिनी खिडकीवर होत्या. वाचनालयात मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी ते सगळं कुजबुजत सांगितलं, आणि त्याही कुजबुजतच भडकल्या.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“वहिनी, मी ते दहा दिवस बघत बसले होते. चुकत असेन तर फार बरं होईल. पण एकदा दाखवा.”

“तुम्हीच रंगवलंत त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्या तोंडाला ते चिकटवलंत आणि आता तेच...”

शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांनी मान वर करून ‘शूऽऽ’ केलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यांना कुणाला तरी बोलायचं होतं, मी समोर होते. वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग शिक्का आणि खिडकीची किल्ली शेजारच्या बाईंकडे देऊन म्हणाल्या, “चला. ते आत्ता घरी सामान भरत असतील.”

वहिनी त्याला एरवी ‘अहो’ म्हणायच्या. त्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, “ए, तोंड उघड.”

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. पेटी अर्धी भरली होती. “ताई, तुम्ही पण ना,” एवढंच म्हणाला.

“उघड म्हणते ना!”

खिडकीजवळ नेऊन त्यांनी त्याच्या तोंडात पाहिलं. किती वेळ बघत होत्या. मग टेबलावरचं पाकीट उचललं आणि त्यावरचा तपकिरी कागद नखाने खरवडून काढायला लागल्या. त्यांनीच डकवलेला, चांगला घट्ट. फोटोही थोडा त्याच्याबरोबर निघाला. “झाकत बसले मी,” त्या म्हणाल्या, “बघायचं सोडून झाकत बसले.” आणि खाली बसून रडल्या. इन्स्पेक्टर कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत उभा होता. मग त्याने नाटकवाल्यांना फोन करून सांगितलं की उद्या जमणार नाही. माझ्या आठवणीत त्याने चुकवलेला तो पहिला प्रयोग.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रुग्णालयात गेलो. लांब बाकं, भिंतीवर घड्याळ, नंबर पुकारणारी खिडकी. इन्स्पेक्टर दर पाच मिनिटांनी उठून पाणी पीत होता. डॉक्टर बाई तरुण होत्या, हसऱ्या. खुर्चीत बसताच इन्स्पेक्टरला आपली सवय आवरली नाही. “डॉक्टर, मला ओळखलंत? पाकिटावर मीच असतो.”

त्यांनी त्याच्या हनुवटीकडे निरखून पाहिलं. “खरंच की! ते तुम्ही? मी पेशंटना दाखवते तो फोटो. मेकअप फार छान केलाय.”

“ह्या ताईंनी,” त्याने माझ्याकडे बोट केलं.

“पण एक सांगू?” डॉक्टर हातमोजे चढवत मला म्हणाल्या. “ते पाहून लोक घाबरतात आणि मग आरशात बघतात. आपलं तोंड तसं नाही, म्हणजे आपण सुटलो, असं समजून घरी बसतात. तशी वेळ येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. सुरुवात कशी दिसते ते कुणी दाखवतच नाही.”

हेच मी फोटोग्राफरला सांगितलं होतं आणि मग मुकाट्याने लाल रंग उचलला होता.

त्यांनी गाल ओढून पाहिलं, कापडाने पुसून पाहिलं, मान हाताने चाचपली. छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. “आठ दिवसांनी या. आत्ता मी काहीच सांगत नाही, आणि तुम्हीही घरी जाऊन काही ठरवू नका.” मग इन्स्पेक्टरला विचारलं, “दिवसाला किती?”

“वीस.”

“आजपासून?”

खिशातलं पाकीट काढून त्याने त्यांच्या टेबलावर ठेवलं.

ते आठ दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. तो मला दिवसातून चारदा फोन करायचा. “ताई, वहीतल्या त्या दुसऱ्या पानावरच्या माणसाचं तिसरं पान आहे का?” होतं, पण मी नाही म्हणून सांगितलं. कधी नुसता चिडायचा. चहा कडू लागतो, खुर्ची टोचते, शेजाऱ्यांचं दार जोरात आपटतं. वहिनींनी घरातल्या सगळ्या राखदाण्यांत कुंडीतल्या झाडांच्या छोट्या फांद्या लावल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सुटी सिगरेट घेतली, निम्मी ओढली, आणि स्वतःच फोन करून मला सांगितलं. “उरलेली निम्मी टाकलीस ना?” एवढंच विचारलं. टाकली होती.

मला मात्र दोन्हीकडून भीती. माझी शंका खरी निघाली तर ती वाईट बातमी मीच आणलेली, आणि खोटी निघाली तर एका घराचे आठ दिवस मी उगाच नासवले. काम करताना हात उचलेना. एका मालिकेत नायकाच्या कपाळावर खोक करायची होती. ती इतकी फिकी केली की दिग्दर्शक म्हणाला, “ताई, हा दारावर आपटला की पडद्यावर?”

नवव्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच बाकावर. वहिनींनी माझा हात धरला होता. ग्रंथालयातल्या बोलण्याबद्दल त्या आतापर्यंत काही म्हणाल्या नव्हत्या. तेव्हाही म्हणाल्या नाहीत, पण हात घट्ट धरला आणि नंबर पुकारेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. “कर्करोग नाही,” त्यांनी आधी तेच सांगितलं. देव त्यांचं भलं करो, काही डॉक्टर ते शेवटी सांगतात. “पेशींमध्ये थोडे बदल सुरू झालेत. हा डाग काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. वर्षा-दोन वर्षांनी आला असतात तर मी हे असं बसून सांगत नसते. पण धूर पुन्हा सुरू झाला तर डागही पुन्हा येईल. दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं.”

माझा जीव भांड्यात पडला. वहिनी एकदम उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. इन्स्पेक्टरचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. तो हळूच म्हणाला, “म्हणजे मी जगतो ना?”

“जगा की,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ओरडू नका, बाहेर माणसं बसलीत.” तो ओरडला नव्हताच, त्या आम्हाला हसवायला म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो, वहिनी तर थांबेचनात.

मग इन्स्पेक्टर म्हणाला, “डॉक्टर, कापायच्या आधी याचा फोटो काढा. चांगला, दिव्याखाली. ताई, तुम्ही सांगा कसा दिवा धरायचा.” मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला. तो म्हणाला, “मी लोकांना खोटं तोंड दाखवलं, मग ते खोटं आहे म्हणूनही सांगत फिरलो. हे खरं आहे. हे घ्या आणि खात्याला द्या. नाव घातलंत तरी चालेल.”

दिवा मी धरला. फोटो डॉक्टरांनी काढला. तो अर्ज-सहीसकट खात्याकडे गेला आहे, त्याचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. छापतील, न छापतील. डॉक्टरांनी मात्र त्याची एक प्रत आपल्या दारावर लावली आहे, खाली मोठ्या अक्षरांत, ‘हे दुखत नाही. म्हणून दाखवा.’

डाग काढला. आठवडाभर इन्स्पेक्टरला सूप आणि थंड दुधावर राहावं लागलं आणि बोलायला मनाई होती. वहिनी म्हणाल्या, लग्नानंतरचा सगळ्यात शांत आठवडा. बोलायला लागल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे स्टुडिओत येऊन लाइटमनला शिडीवरून खाली बोलावलं. काय बोलणं झालं मी ऐकलं नाही, मी आत एका म्हातारीच्या सुरकुत्या करत होते. दारातून एवढं दिसलं की इन्स्पेक्टरने तोंड वासलंय, बोटाने आतला टाका दाखवतोय, आणि लाइटमन कमरेवर हात ठेवून, वाकून बघतोय. या वेळी कुणी हसत नव्हतं. लाइटमनने त्याच दिवशी सोडली असं मी म्हणणार नाही. त्याला दोन महिने लागले, मध्ये दोनदा घसरला. आता ओढत नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला मीही गेले होते. बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. डॉक्टरांनी दिवा आत घातला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि म्हणाल्या, “स्वच्छ. गुलाबी. पुढच्या वेळी या, तोवर वजनाकडे बघा जरा.”

परतीच्या बसमध्ये इन्स्पेक्टर पुढच्या सीटवर बसून अनोळखी माणसाला क्रिकेटचं काहीतरी समजावत होता. आवाज पूर्ववत झालेला, अख्ख्या बसला ऐकू येत होतं. मागे आम्ही दोघी. वहिनींचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर कललं आणि त्यांना झोप लागली, तोंड थोडं उघडं, पर्स मांडीवरून घसरत चाललेली. आमचा थांबा आला. इन्स्पेक्टरने मागे वळून पाहिलं, मी त्याला बोटानेच खुणावलं, राहू दे. त्याने मान हलवली आणि पुन्हा पुढे वळून क्रिकेटवर बोलायला लागला, पण बराच हळू. आम्ही तसेच शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो.